दोन पत्रावळी आणि एक बहीण

हौशीराम सकाळी कुदळ घेऊन गेला तो दोन ढेकळं घेऊन परत आला. एक रस्त्याकडच्या माळाचं, तांबूस, मुरमाड, धरलं की बोटांतून सांडणारं. दुसरं ओढ्याकडच्या खाचरातलं, काळं, अजून ओलसर, कापलेल्या भाताची बुडखं चिकटलेलं. ओसरीवर दोन पत्रावळी मांडलेल्याच होत्या. त्याने एकेक ढेकूळ एकेकीवर ठेवलं, हात लेंग्याला पुसले आणि भिंतीला पाठ लावून बसला. गेले आठ महिने ज्या जमिनीपायी या घरात भांडी आपटली जात होती, ती सगळी आता दोन मुठींएवढी होऊन समोर पडली होती.

या घराची चाल अशी, की वाटे मांडायचे थोरल्याने आणि पहिला उचलायचा धाकट्याने. मांडणाऱ्याला माहीत असतं की उरेल ते आपल्या गळ्यात पडणार, म्हणून तो मापात पाप करत नाही. पाच पिढ्या याच चालीवर निभल्या, कोर्टाची पायरी कुणी चढलं नाही, हे हौशीराम पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने सांगायचा. या पाच पिढ्यांत बहिणी किती झाल्या आणि त्यांनी काय उचललं, हे मात्र त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानेही कधी मोजलं नव्हतं.

नंदाबाई दाराच्या चौकटीला टेकून बसली होती. तिघा भावंडांत ती शेंडेफळ, हौशीरामहून दहा वर्षांनी लहान, कैलासहून चारने. तरी छप्पन्न पूर्ण झाली होती. सकाळच्या लोकलने मळवलीला उतरून, ऊन तापायच्या आत ती वाडीत पोचली होती. आज वाटणी, सोमवारी वडगावला जाऊन हक्कसोडपत्रावर तिची सही. हे सगळं ठरलेलं होतं आणि तिने मनापासून कबूल केलं होतं.

"तिसरा हिस्सा तुझा आहे, आई," लेक कोमल काल रात्री जेवताना म्हणाली होती. कोमल लोणावळ्याच्या एका हॉटेलात रिसेप्शनला होती आणि तिचं बोलणंही तसंच झालं होतं, स्वच्छ आणि मुद्द्याचं. "कशाला सही करतेस?"

"हिस्सा घेतला की माहेर जातं, बाई."

"आणि नाही घेतला की राहतं का?"

यावर नंदाबाईने तिच्या ताटात आणखी भात वाढला होता.

नवरा सोपान रेल्वेत गँगमन होता. खंडाळ्याचं क्वार्टर होतं तोवर डोक्यावर छप्पर होतं. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सुटलं, मग लोणावळ्यात भाड्याच्या तीन खोल्या एकामागून एक सुटल्या, कारण प्रत्येक मालकाला पर्यटक जास्त प्यारे. आता दोघं खंडाळ्यातल्या एका बंगल्याची राखण करत मागच्या आउटहाउसमध्ये राहत होते. मालक वर्षातून दोनदा यायचे, फार तर तीनदा. एरवी आठ खोल्या कुलपात. त्या आठी खोल्यांच्या किल्ल्या नंदाबाईच्या कमरेला असत. ती रोज संध्याकाळी परक्यांच्या देवापुढे दिवा लावायची, आणि दिवा लावताना डोळे मिटले की समोर यायची ती ही ओसरी.

"करा सुरू," केरबानाना म्हणाले. हे शेजारच्या वस्तीतले, तहसिलात तीस वर्षं कारकुनी केलेले. बुद्धविहाराच्या जमाखर्चापासून मराठ्यांच्या वाटण्यांपर्यंत गावाचा कुठलाही कागद त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय कुणाला चैन पडत नसे. मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कोरा कागद घेऊन ते तयार होते.

हौशीरामने माळाच्या ढेकळापाशी बोअरच्या स्टार्टरची किल्ली ठेवली. खाचराच्या ढेकळापाशी नारळ ठेवला. "जत्रंचा निवद खाचरावाल्याकडं. ज्याच्या घरी भात, त्यानं देव बघायचा."

"बराबर," कैलास म्हणाला. त्याचे डोळे नारळावर नव्हतेच. तो तळेगावच्या कारखान्यातून रिटायर झालेला, तिथेच फ्लॅट. माळाला मुंबईची एक पार्टी लागली होती, तिने दोनदा गाडी पाठवून त्याला हॉटेलात जेवू घातलं होतं.

माळ पाहिजे होता तो हौशीरामच्या मुलालाही. आदिनाथ पवनेच्या कडेला दुसऱ्याच्या जागेत तंबू लावून पर्यटकांना रात्रभर ठेवायचा. आपल्या माळावरून लोहगड आणि विसापूर दोन्ही दिसतात, तिथे स्वतःचं काहीतरी उभं करायचं, हे त्याचं आठ वर्षांचं स्वप्न. पण पहिला हात काकाचा. म्हणून तो खांबाशी उभा राहून नखाने रंगाचे पोपडे काढत होता.

मग हौशीरामने खिशातून एक सुपारी काढली.

"आन ही नंदी," असं म्हणून त्याने ती माळाच्या पत्रावळीवर ठेवली.

भाऊ वेगळे झाले की बहिणीही वाटून घ्यायच्या, ही चाल जुनीच. भाऊबीज कुणी करायची, दुखण्याखुपण्याला कुणी जायचं, चार दिवस राहायला आली तर कुणाच्या चुलीवर जेवायचं, हे आधीच ठरलेलं बरं, नाहीतर ती बिचारी दोन दारांच्या मधे उभी राहते. वडिलांच्या वाटणीत तीन आत्यांच्या तीन सुपाऱ्या याच ओसरीवर मांडल्या होत्या. नंदा तेव्हा सात वर्षांची. धाकट्या आत्याची सुपारी किडकी निघाली म्हणून ती खो खो हसली होती आणि आईने तिला चिमटा काढला होता.

आज तिला हसू आलं नाही. तिचं सगळं लक्ष कैलासच्या हाताकडे लागलं. माळ तोच उचलणार हे उघड होतं, म्हणजे सुपारीही त्याचीच. हौशीरामभाऊने आपल्याला कैलासदादाकडे ठेवलं याचं तिला बरं वाटलं होतं. लहानपणी ओढ्याला पाणी चढलं की कैलास तिला खांद्यावर घेऊन शाळेला न्यायचा. पाणी कमरेला लागलं तरी तिच्या दप्तराला थेंब लागू द्यायचा नाही. त्या खांद्याची आठवण तिने एवढी वर्षं जपून वापरली होती, संपू नये म्हणून.

कैलासने हात पुढे केला. दोन बोटांत सुपारी उचलली, ती खाचराच्या पत्रावळीवर ठेवली आणि मग माळाची पत्रावळ आपल्याकडे ओढली.

"तेवढं थोरल्याकडंच ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "आमचं फ्लॅटचं ऱ्हाणं. माहेर म्हंजे कसं, मोकळं पायजे. तितं तिला करमायचं न्हाई."

"वा काका," आदिनाथ खांबापासून हलला. "रस्ता तुम्हाला, पार्टी तुम्हाला, आणि आत्या आम्हाला?" त्याने वाकून सुपारी परत माळावर ठेवली. "ज्याला जास्त मिळतंय त्यानं बघावं. सरळ हिशोब आहे."

"मी काय टाकतोय का तिला? भाऊबीजेला पाकीट धाडीन. पर येणंजाणं, चार दिस ऱ्हाणं... तुज्या काकूचं बी गुडघ्याचं दुखणं हाय."

"आणि माझ्या घरी काय धर्मशाळा आहे?"

"आदिनाथ," हौशीराम म्हणाला, "सुपारी जितं ठिवली तितं ठिवली. वाटे मी मांडलेत."

"मग म्या माळाचा वाटा सुपारीबिगर उचलला असं लिवा, नाना," कैलास म्हणाला आणि त्याने ती पुन्हा उचलली. आदिनाथने त्याचं मनगट धरलं. ओढाताणीत सुपारी निसटली, शहाबादी फरशीवर टकटक करत गेली आणि नंदाबाईच्या पायाच्या अंगठ्याला लागून थांबली.

तिच्याकडे बघायला हवं हे तेव्हा कुठे चौघांना सुचलं.

त्यांच्यात वाईट कुणीच नव्हता, हेच तिचं दुखणं होतं. शत्रूने लाथाडलं तर माणूस चवताळून उठतो, पण हे तर आपलेच, आणि तिला हाकलतही नव्हते. एकमेकांना देऊ करत होते. एखादं जुनं कपाट असतं, मोडायला जीव होत नाही आणि ठेवायला जागा नाही, तसं. छप्पन्न वर्षं आपण या घरचे आहोत असं समजून ती जगली आणि या घराला ती कुठे ठेवायची हेच ठाऊक नव्हतं.

तिने सुपारी उचलून मुठीत धरली.

"भाऊ," ती म्हणाली, "वाटे मोडा. तीन मांडा."

"काय?" कैलास म्हणाला.

"तीन मांडा म्हणलं."

"अगं, सोमवारी तू सही करणार हायेस. तुज्याच तोंडानं कबूल केलंस."

"केलतं. माहेर ऱ्हावं म्हणून केलतं. ते तर कुणालाच नको हाय. मग सही कशापायी करू, दादा?"

"कोमलनं शिकवलंय हे," आदिनाथ म्हणाला. "लोणावळ्याची हवा. आत्या, तुम्हालासुद्धा लोभ सुटला?"

भावाने मागितला तर तो हक्क आणि बहिणीने मागितली तर ती हाव, हे व्याकरण गावाला कुणी शिकवावं लागत नाही. नंदाबाईला हा शब्द लागेल असं वाटलं होतं. पण तो लागला नाही, म्हणून ती शांतपणे बोलली.

"लोभच म्हण, बाबा. माज्या कमरंला आठ खोल्यांच्या किल्ल्या हायेत. एकीत बी मला इचारल्याबिगर आडवं होता येत न्हाई. ज्यास्नी नको त्यांची घरं रिकामी, नि मी त्या घरांचं जाळं झाडते. उद्या तुजा काका माळ इकंल. तितं बी असाच बंगला हुभा ऱ्हाईल. त्याला बी कुणाची तरी बहीण राखणीला लागंल. मला इकायला नको हाय. मला कुटंतरी न इचारता बसायचं हाय, बास."

आतून अनिता, आदिनाथची बायको, दाराशी येऊन उभी राहिली होती. तिच्याही माहेरी गेल्याच वर्षी वाटणी झाली होती. ती परत आत गेली नाही.

हौशीरामने दोन्ही ढेकळांकडे बघितलं. मग गुडघ्यावर हात ठेवून उठला, कोपऱ्यातली कुदळ घेतली आणि चपला घालून ओढ्याकडे चालू लागला.

"आबा, काय करताय तुम्ही?" आदिनाथ मागून ओरडला. "खाचरं आपल्या वाट्याची, ती तोडून देणार?"

"वाटे कोण मांडतं?" हौशीराम न थांबता म्हणाला.

तो येईपर्यंत ओसरीवर जे झालं त्याला गोडीगुलाबी म्हणायचं की धमकी, हे केरबानानांनाही लिहिता आलं नसतं. कैलासने काठापदराची साडी घेतो म्हटलं, मग वरच्या कोर्टापर्यंत जातो म्हटलं, मग स्वतःच्या रक्तदाबाची गोळी मागितली. आदिनाथ फोन काढून अंगणात गेला आणि कुणालाच न लावता परत आला. नंदाबाई सुपारी मुठीत धरून बसून होती. कुणीतरी एकदाच म्हणावं, की राहू दे गं सुपारी माझ्याकडे, असं तिला वाटत होतं. त्या एका वाक्यावर तिने सगळं सोडलं असतं. ते वाक्य सोडून बाकी सगळी वाक्यं झाली.

हौशीराम आला. त्याने तिसरी पत्रावळ मागितली, अनिताने ती आणून दिली, आणि तिच्यावर त्याने आणलेलं नवं ढेकूळ ठेवलं. नारळ, किल्ली सगळं बाजूला केलं.

"ह्यो माळ. ही वरली चार खाचरं. ही ओढ्याकाठची तीन, राबाच्या जागेसकट." भाताची रोपं ज्या तुकड्यात राब भाजून वाढवतात तो तुकडाही त्याने खालच्या तिनांत घातला होता. खालची तीन म्हणजे पाणी हटत नाही अशी, आणि हौशीराम चाळीस वर्षं त्यांच्यातच उभा होता. "झाले वाटे. उचला."

कैलासने झटकन हात पुढे केला.

"थांबा," केरबानाना म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला. "वाटे तीन, म्हंजे वाटेकरी तीन. तुमच्यात धाकट्यानं पयला हात घालायचा. माज्या बापापासनं ऐकतोय ही चाल."

"ती भावांची चाल हाय, नाना."

"आसंल. कागदावर मी काय लिवू ते तुमीच सांगा. थोरल्यानं मांडले, मधल्यानं पयला उचलला? उद्या लोक इचारतील, पाच पिढ्यांनी केलं ते सहावीला का सुचलं न्हाई म्हणून."

हौशीरामने मान हलवली. "खरं हाय. नंदे, उचल."

त्या क्षणी ओसरीवरची हवाच पालटली. आदिनाथने तिच्यासाठी पंखा वळवला. अनिताकडे बघून कैलास म्हणाला, पाणी दे गं आत्याला, सकाळधरनं चालत आलीय. मग तो तिच्या जवळ सरकला आणि म्हणाला, "नंदू."

वीस वर्षांत त्याने तिला नंदू म्हटलं नव्हतं. ती नंदा झाली होती, पत्रिकेवर सौ. नंदाबाई सोपान झाली होती. ही हाक तिच्यासाठी नाही, तांबड्या ढेकळासाठी आहे, हे तिला स्वच्छ दिसत होतं. एवढी काही ती भोळी नव्हती. तरी तिच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण आवाज तोच होता. ओढ्याच्या मध्यावर, घट्ट धर नंदू, असं म्हणणारा. खोट्या हाकेलाही ओ द्यावीशी वाटते, इतकं माणूस उपाशी असू शकतं.

"नंदू, माळाचं काय करशील तू? बोअर हाय, पर त्याला पानी ऱ्हात न्हाई. आन पार्टीची मानसं लय बेरकी असत्यात."

ती माळाच्या पत्रावळीकडे बघत राहिली. ते ढेकूळ उचललं असतं तर दोन वर्षांत कोमलच्या नावे लोणावळ्यात घर झालं असतं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे या दोघांचे चेहरे एकदा बघायला मिळाले असते. तो मोह तिला झाला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. तिचा हात तिकडे गेलाही.

मग तिने ओढ्याकाठची पत्रावळ आपल्यापुढे ओढली.

ओसरीभर सुस्कारा फिरला. कैलासने माळाचं ढेकूळ उचलून पत्रावळीसकट मांडीवर घेतलं आणि खिशातून फोन काढला. आदिनाथ पाय आपटत मोटरसायकलकडे गेला. तिने हेच का घेतलं, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, की आठ खोल्यांत डोळे मिटल्यावर ओसरीच्या पलीकडे दिसायची ती हीच तीन खाचरं.

"सुपारी कुणाकडं लिवू?" केरबानानांनी हळूच विचारलं.

"माजी मलाच लिवा," ती म्हणाली आणि मूठ उघडून सुपारी काळ्या ढेकळाजवळ ठेवली.

निघायची वेळ झाली तेव्हा अनिता ओटीचं ताट घेऊन बाहेर आली. तांदूळ, खण, खोबऱ्याची वाटी. उंबऱ्याशी येऊन मात्र ती थबकली. वाटा घेतलेल्या लेकीची ओटी भरतात की नाही, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. तिने सासऱ्याकडे पाहिलं. हौशीराम कागदाची घडी घालत होता. अंगणातून आदिनाथ म्हणाला, "आता आणि कशाला?" अनिताने पदराने डोळे टिपले आणि ती ताट घेऊन आत गेली.

"चल," हौशीराम नंदाबाईला म्हणाला. "हद्द दावतो."

दोघं पेंढ्याच्या उडवीला वळसा घालून खाली उतरली. कापणी झालेल्या खाचरात बुडखं उभी होती, भेगांतून अजून ओल वर येत होती. हौशीराम पुढे, ती मागे, जशी ती आयुष्यभर त्याच्यामागे चालत आली होती. लहानपणी तो असाच पुढे जायचा आणि काटा दिसला की पायाने बाजूला सारायचा. चौथं खाचर संपलं तिथे तो बांधावर थांबला.

"हितनं वरलं माजं. खाली ओढ्यापस्तोर तुजं."

ती बांध उतरून खाली उभी राहिली. तो वरच राहिला. मधे हातभर रुंदीचा बांध, त्यावर करपलेलं गवत.

"पानी माज्यातनं तुज्यात उतरंल. लावणीला मी बांधाचं तोंड उघडीन. पर बांध कोरायचा न्हाई, नंदे. दर साली इतभर इतभर कोरत्यात लोक. मागनं भांडनं होत्यात. मानसं मारामारीवर येत्यात."

तो रागाने बोलत नव्हता. कुठल्याही बांधकऱ्याशी पहिल्या दिवशी बोलावं तसं, सरळ आणि सावध बोलत होता. आपण काय बोललो हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. छप्पन्न वर्षांत भाऊ तिच्याशी असा पहिल्यांदाच बोलला. आतापर्यंत रागावला होता, समजावलं होतं, अबोला धरला होता, पण हद्द कधी सांगितली नव्हती.

"न्हाई कोरणार, भाऊ," ती म्हणाली.

"तेवढंच."

तो बांधावरून पावलं टाकत माप घेऊ लागला, ओठांत आकडे पुटपुटत. गाडीची वेळ होत आली होती. खाली वाकून तिने मातीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि पदर खोचला.

"येते, भाऊ," ती म्हणाली.

"ये की," तो मान वर न करता म्हणाला, "कवा बी ये. तुजंच हाय."

हेच ऐकायला ती इतकी वर्षं त्या उंबऱ्यात उभी राहत आली होती.